भोंगाबाईंचा फोन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, अर्थात या रुग्णालयाचे प्रशासक साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, आणि बसून बसून चुळबुळायला लागलेले, तातडीच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'मोठे डॉक्टर' म्हणतात. डाव्या हाताला आजच्या सत्कारमूर्ती, रुग्णवाहिकेवरच्या आमच्या डॉक्टरीणबाई. समोरच्या सगळ्या परिचारिका, चालक आणि कर्मचारी बंधुभगिनी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले, म्हणजे या रुग्णालयाच्या पद्धतीची आधीपासूनच सवय असलेले नागरिकहो!

माझ्या आधी बोललेल्या मान्यवरांनी बाईंचं वर्णन 'शांत, संयमी, मितभाषी' असं केलं. मी दोनदा फलक वाचून पाहिला. म्हटलं, चुकून शेजारच्या सभागृहात तर शिरले नाही ना? नाही, समारंभ हाच. मग एवढंच म्हणेन की माणूस नोकरीतून गेला की त्याचे गुण दिसायला लागतात, आणि जे गुण मुळात नव्हते ते तर फारच ठळक दिसतात. अहो, या बाईंना तुम्ही सगळे पाठीमागे काय म्हणता? भोंगा! खाली बघू नका. त्यांना माहीत आहे. गाडीचा भोंगा परवडला, तो निदान गाडी थांबल्यावर थांबतो, हे वाक्य याच व्यासपीठावरच्या एका सद्गृहस्थांचं आहे. नाव घेत नाही. ते आत्ता चष्मा पुसत आहेत.

माझी ओळख निवेदकांनी 'एका रुग्णाच्या पत्नी' अशी करून दिली. बरोबर आहे. तेवढ्यासाठीच मला बोलावलंय. पण निवृत्त होईपर्यंत मी रेल्वे स्टेशनवर उद्घोषक होते. गाडी उशिरा येणार हे गोड आवाजात सांगायचं आणि का उशिरा येणार ते सांगायचं नाही, असं ते काम. त्यामुळे तुमच्या चौकशीच्या खिडकीपाशी आले की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. आज मात्र मी आवाज गोड ठेवेन, आणि कारणही सांगेन.

आमचे हे पाट्या रंगवतात. दुसऱ्या रांगेत बसलेत, काठीवर हनुवटी टेकून. आजकाल पाट्या यंत्रावर छापून येतात, पण ज्यांना अक्षराची चाड आहे ते अजून यांच्याकडे येतात. एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडी सरकली. हे वाचले, पण डाव्या पायाची नडगी सोलून निघाली. घरी आले ते रंग पुसायचं फडकं पायाला गुंडाळून. मी ओरडले, तर म्हणाले, "रंगाऱ्याला रंग लागायचाच." मी म्हटलं, "अहो, हा लाल रंग तुम्ही विकत आणलेला नाही."

डॉक्टरकडे जायचं नाव नाही. माणूस इतरांसाठी 'धोका' असा शब्द लाल अक्षरांत रंगवत असला, म्हणून त्याला तो स्वतःला वाचता येतोच असं नाही. पाय सुजला, मग ताप भरला, हुडहुडी भरली. आमचे दीर वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना जगातल्या सर्व विषयांतलं थोडं थोडं कळतं, आणि ते थोडं ते फार वेळ सांगतात. भाऊजींनी निदान केलं, "वहिनी, साथ आहे. सगळीकडे हेच चाललंय. आपोआप उतरेल."

आणि खरंच उतरला की हो! दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला हात लावला तर अंग गार. भाऊजी म्हणाले, "काय सांगितलं होतं?" आनंदाने आम्ही चहा टाकला. भाऊजींनी दोन कप घेतले. निदान बरोबर आलं की माणसाला तहान फार लागते.

हे मात्र चहाला उठले नाहीत. धाप लागल्यासारखे श्वास घेत पडून होते. यांच्या बिछान्यासमोरच्या भिंतीवर यांनीच रंगवलेली आमच्या घराची जुनी पाटी टांगलेली आहे, लग्न झाल्यावर रंगवलेली, दोघांच्या नावांची. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "मावशी, ही अक्षरं कुणी फिरवली?"

मावशी! लग्न झाल्यापासून मला या माणसाने बऱ्याच नावांनी हाक मारली आहे, सगळीच इथे सांगण्यासारखी नाहीत. पण मावशी कधी नाही. आणि ज्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून वेलांटी चुकलेली दिसते, त्याला स्वतःच्या हातची अक्षरं लागेनात.

भाऊजी म्हणाले, "झोप पुरी झाली नाही की मेंदू असा गोंधळतो. मी वाचलंय." मी लेकीला फोन लावला. ती परगावी असते. तिने बाबांना फोन द्यायला सांगितलं. यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "इथे कुणी राहत नाही." मी फोन परत घेतला. लेक म्हणाली, "आई, रुग्णवाहिका बोलाव. आत्ता. आणि काकांना विचारू नकोस."

अशा रीतीने सत्कारमूर्तींचं आमच्या घरी आगमन झालं. आधी जिन्यात आवाज आला. "रुंद जिना आहे का? स्ट्रेचर वळेल का? या सायकली कुणाच्या? उचला!" मग बाई आल्या. मागे त्यांचे चालक, ज्यांच्या खांद्यावर ऑक्सिजनचं नळकांडं आणि चेहऱ्यावर, बाईंच्या वतीने, कायमची क्षमायाचना. बाईंनी नमस्कार केला नाही, बसल्या नाहीत. थेट यांच्याजवळ गेल्या आणि मला विचारलं, "हे नेहमी असंच बोलतात का?"

मी म्हटलं, "नेहमी याहून वाईट बोलतात, पण त्याचा अर्थ लागतो."

"लघवी कधी झाली शेवटची?"

आता दिरासमोर हा प्रश्न! मी पदर सावरला. बाई म्हणाल्या, "लाजायचं नंतर. कधी झाली?" मी आठवून पाहिलं, तर आदल्या संध्याकाळनंतर हे उठलेच नव्हते.

तोवर त्यांनी पांघरूण बाजूला केलं होतं. फडकं सोडलं. नडगी तांबडीलाल, वरच्या बाजूला लाली पसरत गेलेली, आणि गुडघ्यांवर निळसर जांभळी जाळी उमटलेली. बाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, टोचून साखर पाहिली. छातीकडे बघत श्वास मोजले. मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं ते नख परत गुलाबी व्हायला इतका वेळ लागला, की मधल्या काळात भाऊजींचं एक वाक्य पूर्ण झालं. ज्यांनी भाऊजींना ऐकलंय त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळेल.

ते वाक्य असं होतं, "डॉक्टर, ताप तर उतरलाय, अंग गार आहे, मग एवढी धावपळ कशाला?"

बाई म्हणाल्या, "अंग गार आहे म्हणूनच धावपळ. रक्तदाब पडलाय. ताप उतरला नाहीये, माणूस उतरत चाललाय."

चहाचा कप भाऊजींच्या हातात होता तो हातातच राहिला.

गाडीत मी बाकावर बसले. बाईंनी ऑक्सिजनचा मुखवटा बांधला, हाताची शीर शोधून सलाईन जोराने सोडलं. चालकांना एकदाच ओरडून सांगितलं, "खड्डे चुकवा, सिग्नल चुकवू नका!" मी विचारलं, "यांना झालंय तरी काय?" तेव्हा पहिल्यांदा त्या माझ्याकडे वळून बोलल्या.

"आजी, मला सेप्सिसचा संशय आहे. पायातून जंतू शिरलेत. पण नुसत्या जंतूंची मला एवढी भीती नाही. घरात चोर शिरला म्हणून घरच्यांनीच घाबरून घर पेटवून द्यावं, तसं शरीर करतंय. मी इथे गाडीत फार तर पाण्याच्या बादल्या ओतू शकते. कुठल्या खोलीत आग लागली, चोर कुठला, त्याला काय मारायचं, हे रुग्णालयात. म्हणून तिथे पोचल्यावर एक क्षणही फुकट जाता कामा नये."

मी म्हटलं, "मला आजी म्हणू नका." म्हणजे बघा, जीव टांगणीला लागलेला असतानाही बाईमाणसाला काय सुचतं! त्या म्हणाल्या, "बरं, ताई. आता गप्प बसा, मला फोन करायचाय."

मंडळी, आजचा सगळा समारंभ ज्या फोनचा आहे तो हाच. बाई इकडे तातडीच्या विभागाला सांगत होत्या, "सेप्सिसचा संशय. पाय सुजलाय, रक्तदाब पडलाय, शुद्ध हरपतेय, लघवी बंद. मी निघालेय. बिछाना तयार ठेवा, रक्त काढायची तयारी ठेवा, मोठ्या डॉक्टरांना सांगा." फोनमधला आवाज मोठा होता. मला स्पष्ट ऐकू आलं. पलीकडे कुणीतरी हसलं. मग म्हणालं, "बाई, परत न्यायाधीश आणताय का?" आणि फोन बंद.

हा न्यायाधीशांचा किस्सा मला नंतर कळला. तुम्हा सर्वांना पाठ आहे, पण मागे उभे असलेल्यांसाठी सांगते. एक निवृत्त न्यायाधीश वाफेच्या स्नानगृहात चक्कर येऊन पडले होते. धाप लागलेली, नाडी पळतेय, काहीतरी असंबद्ध बोलतायत. बाईंनी असाच फोन केला. सगळा विभाग हातमोजे चढवून दारात उभा. स्ट्रेचर आत आलं, पोटात थोडं पाणी गेलं, आणि न्यायाधीश उठून बसले आणि त्यांनी चढ्या आवाजात स्वतःचा टॉवेल मागितला. झालं! तेव्हापासून बाईंचा फोन आला की इकडे म्हणायचे, टॉवेल काढून ठेवा रे.

आता न्यायबुद्धीने सांगायचं, तर बाई त्या दिवशी चुकल्या होत्या. त्याआधीही चुकल्या होत्या, पुढेही चुकल्या. या आजाराला स्वतःचं असं तोंड नाही, तो दहा आजारांचे मुखवटे घालून येतो. जो त्याला शोधायला निघेल त्याचं अधूनमधून हसं होणारच. हसं कुणाचं कधीच होत नाही? जो शोधतच नाही त्याचं. तो आयुष्यभर अचूक राहतो, आणि पुढे एखाद्या समारंभाचा अध्यक्ष होतो. साहेब, हे सर्वसाधारण विधान आहे.

आम्ही पोचलो. भर दुपार, दारात गर्दी. आणि तिथे आमचं घोडं अडलं. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "नाव?" बाई म्हणाल्या, "मी फोन केला होता." ते म्हणाले, "फोनचं नाव नाही, रुग्णाचं नाव." पाळीवरचे डॉक्टर आले. लांबूनच म्हणाले, "ताप आहे का?" मी भाबडेपणाने म्हटलं, "नाही, अंग गार आहे." "मग थांबा जरा. तापाचेच किती पडलेत बघताय ना."

स्ट्रेचर भिंतीला लावलं. यांनी डोळे उघडले, वर पाहिलं. वर पाटी होती: 'नोंदणी झाल्याशिवाय आत प्रवेश नाही.' सुरेख वळणदार अक्षर. मी ओळखलं. तुमच्या रुग्णालयाच्या सगळ्या पाट्या आमच्या यांनीच रंगवल्या आहेत! स्वतःच्या हाताने लिहिलेल्या अटकावाखाली माणूस मरायला टेकला होता, आणि त्याला ते वाचताही येत नव्हतं.

मला वाटलं, आता भोंगा वाजणार. अख्खं रुग्णालय गोळा होणार. माझी तर इच्छाच होती तशी. पण बाई ओरडल्या नाहीत. सलाईनची बाटली चालकांच्या हातात दिली, सरळ मोठ्या डॉक्टरांच्या दालनात गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. मोठे डॉक्टर आले ते मिशीत हसतच आले. का नाही येणार? टॉवेलचा दुसरा अंक बघायला मिळणार होता.

बाई इतक्या हळू बोलल्या की मला कान द्यावा लागला. "सर, मी चुकले असेन तर उद्या सगळ्यांना बोलावून हसा, मी स्वतः मधे उभी राहते. पण आत्ता फक्त यांच्या गुडघ्याला हात लावा."

मोठ्या डॉक्टरांनी हात लावला.

हसू कसं विझतं ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. त्यांनी पाय पाहिला, पापणी उचलून पाहिली, पट्ट्याचा आकडा पाहिला. बाईंकडे बघितलंच नाही. नुसतं म्हणाले, "चला." आणि मग जे काही हललं म्हणता! तेच लोक, तीच खोली, तेच हात. रक्त काढलं, तपासणीला धावत गेलं, औषध शिरेत सुरू झालं, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बोलावले गेले. इतक्या वेगाने की मला वाटलं, अरे, यांना येतं की सगळं! मग बाहेर भिंतीला टेकवून कुणाची परीक्षा चालली होती?

त्यानंतरचे दिवस मी फार बोलणार नाही. अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या गोल काचेतून नवरा बघायचा, एवढंच ते आयुष्य होतं. लेक आली. भाऊजी रोज येत, बाकावर बसत आणि एक शब्द बोलत नसत. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी वाचलं होतं हो." मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुमच्या त्या वाचण्यामुळे हे वाचायचे राहिले असते." आणि मग आम्ही दोघं रडलो. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला. आज ते आलेत. हातात चहा नाही, मी पाहून घेतलंय.

शेवटी हे जगले. नडगीचं मांस बरंच कापून काढावं लागलं. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली होती, ती गेली. शिडी सुटली. आता बसून रंगवता येतील एवढ्याच पाट्या करतात. मी मोठ्या डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं, "दारात जो वेळ गेला, तो गेला नसता तर बोटं राहिली असती का?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही हा प्रश्न मला विचारणं बंद केलंत तरी मी तो स्वतःला विचारत राहीन."

आणि ते नुसते विचारत बसले नाहीत. भांडले. कुणाशी, ते अध्यक्षांना माहीत आहे. मागणी काय? तातडीच्या विभागात, बिछान्याजवळ, भिंतीवर एक वेगळा फोन. गाडीतून येणारा निरोप तिथल्या परिचारिकेने घ्यायचा, आणि गाडी पोचायच्या आत बिछाना आणि माणसं तयार ठेवायची. नोंदणी मागाहून. बस्स, एवढंच! प्रशासनाने यावर खूप विचार केला. खूप म्हणजे खूपच. शेवटी ठरलं की फोन नको, नव्या रुग्णवाहिका घेऊ. काचा काळ्या, बाजूला मोठ्ठं बोधचिन्ह. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! अहो, गाडी वाऱ्यासारखी आली आणि दारात रुतली, तर तो वारा कुणाच्या कामाचा?

मग दुसरी योजना निघाली. गाडीतच अँटिबायोटिक द्यायचं, आणि त्याचं थाटात उद्घाटन करायचं. फीतसुद्धा आणली होती म्हणे. तेव्हा आमच्या बाईंनी सभेत उठून मोडता घातला. मला वाटलं होतं त्या नाचतील. पण त्या म्हणाल्या, "जिथे रुग्णालय फार लांब आहे तिथे याचा विचार जरूर व्हावा. त्यावर जाणत्यांचा वाद चालू आहे, गाडीत औषध दिल्याने माणसं जास्त वाचतात असं अजून कुणी ठामपणे दाखवलेलं नाही. मी तर न्यायाधीशांनाही ते टोचलं असतं. आपलं रुग्णालय गावाच्या मध्यात आहे. मला औषधाची पेटी नको. मला फोन उचलणारा माणूस हवाय." अध्यक्षांनी तेव्हा खासगीत काढलेले उद्गार मला ठाऊक आहेत. आज त्यांनीच 'दूरदृष्टी' हा शब्द वापरला. माणूस बदलतो, यावर माझा विश्वास आहे.

तर शेवटी फोन आला. आणि चमत्कार झाला नाही. हेही सांगायला हवं. काही माणसं तरीही गेली. फोन काही देव नाही. पण दारात कुणी भिंतीला टेकून राहिलं नाही. बाई फोन करत, पलीकडची परिचारिका हसत नसे, "या, बिछाना आहे" म्हणे. कधी बाईंचा अंदाज चुके, तर मोठे डॉक्टर म्हणत, "बरं झालं, साधंच निघालं." एवढं एक वाक्य म्हणायला या रुग्णालयाला किती शिकावं लागलं! आणि या सगळ्याबद्दल प्रशासनाला मानपत्र मिळालं. बाहेरगावी, मोठ्या समारंभात. ते घ्यायला कोण गेलं? बाई? मोठे डॉक्टर? छे. त्यांना वेळ कुठे होता? ते कामावर होते.

इथपर्यंत सगळं गोड आहे, आणि खरं तर इथेच थांबायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. पण आज दुपारी यांच्या पायाची तपासणी होती, म्हणून आम्ही लवकर आलो. मी सहज तातडीच्या विभागात डोकावले. म्हटलं, ज्या फोनचं कौतुक करायचं त्याचं एकदा दर्शन घ्यावं. तर भिंतीवर फोन नाही!

फोनच्या जागी काय होतं, सांगू? मानपत्र. सोनेरी चौकटीत. फोनबद्दल मिळालेलं मानपत्र लावायला जागा हवी, म्हणून फोन काढला!

हसू नका हो, मलाही आधी हसूच आलं. मी परिचारिकेला विचारलं. ती बिचारी म्हणाली, "काल मोठे डॉक्टर रजेवर होते तेव्हा सुशोभीकरण झालं. फोन चौकशीच्या खिडकीत हलवलाय." मी खिडकीत गेले. गृहस्थ तेच. विचारलं, "गाडीवरून फोन येतो का?" म्हणाले, "येतो की. मी घेतो निरोप." "मग कुणाला देता?" म्हणाले, "जो इकडे येईल त्याला."

बाई, तुमच्या गळ्यात हार पडत होते तेव्हा तुम्ही त्या फुलांत इतक्या अवघडून बसला होतात की हे आज तुम्हाला सांगू नये असं मला वाटत होतं. पण उद्यापासून त्या गाडीवर दुसरं कुणी असेल. ती बहुधा नवी असेल, तुमच्याइतका तिचा आवाज नसेल. ती फोन करेल, आणि तो चौकशीच्या खिडकीत वाजेल. स्ट्रेचरवर कुणाचा तरी नवरा असेल, अंगाने गार, बायकोला मावशी म्हणणारा. म्हणून मी अध्यक्षांना, या भरल्या सभेत, वयाने थोडी मोठी असल्याच्या अधिकारात विचारते: साहेब, तो फोन परत भिंतीवर कधी लागणार?

काय म्हणालात? जरा माईकजवळ या. 'विचाराधीन आहे.' ऐकलंत ना सर्वांनी? मागे ऐकू आलं?

साहेब, या शब्दावर मी नोकरीची उभी हयात काढली आहे. प्रवाशांना तो मी फार मधाळ आवाजात ऐकवत असे. मला त्याचा अर्थ नका सांगू.

अहो... मोठे डॉक्टर उठले. डॉक्टर, माझं भाषण संपायचंय! बाहेर चाललात? हं... मंडळी, डॉक्टर म्हणतायत की ही गोष्ट त्यांना आत्ता कळली, आणि विचार त्यांनी चालता चालता केला आहे. मागे चालक दादा पण उठले. काय? पेचकस गाडीत आहे? मग जा ना, लवकर जा!

आणि सत्कारमूर्ती कुठे निघाल्या? बाई, तुमचा निरोप समारंभ आहे हा! बसा! अहो, पुष्पगुच्छ तरी... गेल्या. पुष्पगुच्छ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवून गेल्या. साहेब, शोभून दिसतोय. तुम्ही मात्र बसा. कुणीतरी अध्यक्षस्थानी असायलाच हवं, नाहीतर मी आभार कुणाचे मानू? जिन्यातून आवाज येतोय, ऐका: "ही शिडी कुणाची? इकडे आणा! चौकट आधी काढा, काच सांभाळा!" संयमी, मितभाषी.

तर आता ज्यांच्यासाठी जमलो त्याच बाहेर गेल्यामुळे समारोप करणं मला भाग आहे. ज्या बाईंनी आमच्या घरात शिरताना नमस्कार केला नाही, त्यांना मी माझ्या कुटुंबाच्या वतीने नमस्कार करते. खड्डे चुकवत आणणाऱ्या चालकांचे, हात लावून पाहणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचे, आणि रात्रंदिवस यांची शुश्रूषा केलेल्या सगळ्या परिचारिकांचे ऋण मी मानते. मला बोलायला दिलंत याबद्दल प्रशासनाचे आभार. मला वाटतं हा निर्णय विचाराधीन न ठेवता घेतला गेला असावा, एरवी तो घेतला गेला नसता.

म्हातारीच्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाला टोचलं असेल, तर माझे सगळे अपराध मोठ्या मनाने पोटात घाला. फोन मात्र पोटात घालू नका. तो भिंतीवरच असू द्या.

नमस्कार.